शोभा सिस्टरची मूठ

जळगावच्या न्यूरॉलॉजिस्टांनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला आणि माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला तर कळलंच असेल."

शोभाने नुसती मान हलवली. मी शेजारच्याच खुर्चीत फाइल धरून बसलो होतो, पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. ती तीस-बत्तीस वर्षं नोकरी केलेली नर्स. मी धुळ्याच्या एसटी स्टँडवरचा रिटायर कंट्रोलर. जन्मभर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारल्या. मला पारोळा-एरंडोल कळतं, रिपोर्ट कळत नाही.

"मलाही कुणी सांगाल का?" मी म्हणालो. आवाज चढलाच. माझा आवाज चढतो तेव्हा तीन फलाटांना ऐकू जातो.

डॉक्टर भले माणूस होते. खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी सांगितलं, "याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. हात हलव, पाय उचल, असा निरोप मेंदूकडून स्नायूंकडे नेणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. निरोप पोचला नाही की स्नायू वाळतो. आधी हात, मग पाय, जीभ, घसा. शेवटी श्वासाचे स्नायू. डोकं मात्र बहुतेकांचं शाबूत राहतं. डोळेही."

"औषध?"

"एक गोळी आहे. तिने आजार थोडा सावकाश होतो. बरा होत नाही."

मी फाइल घट्ट धरून बसलो. शोभाने विचारलं, "सर, फिजिओथेरपी कधीपासून सुरू करू?" जणू शेजारच्या बेडवरच्या पेशंटचं विचारत होती.

येताना गाडीत ती खिडकीशी बसली. पारोळ्याला गाडी थांबल्यावर म्हणाली, "भजी आणा. गरम असली तरच." मी उतरलो, भजी आणली, आणि पुडा तिच्या हातात देताना पहिल्यांदा नीट बघितलं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल भाग आत गेला होता. तिथे कातडीखाली काहीतरी बारीक थरथरत होतं.

"हे कधीपासून आहे?"

"श्रावणापासून," ती म्हणाली. "खा, निवतील."

हे मी का लिहितोय ते आधी सांगतो. आज कुणीतरी अशीच फाइल मांडीवर घेऊन कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर बसलेलं असेल. शोभाने आयुष्यभर त्या बाकावरच्या माणसांना समजावून सांगितलं. तिच्यानंतर हे काम माझ्याकडे आलं असं मी धरून चाललोय. मला तिच्यासारखं गोड बोलता येत नाही, तेवढं चालवून घ्या.

श्रावणातली गोष्ट अशी. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. कलशावर नारळ, नारळाला नथ, चोळी, दागिने. आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या गल्लीत त्या नारळावर डोळे रंगवायची पद्धत आहे, आणि ते डोळे शोभाच रंगवायची. सगळ्या गल्लीचे नारळ शनिवारी आमच्या ओट्यावर यायचे. ड्यूटीवरून यायची, हातपाय धुवायची, ब्रश घेऊन बसायची. एकदा ब्रश टेकवला की न उचलता पापणीची अख्खी रेघ ओढायची. मी म्हणायचो, "देवीलापण सिस्टरकडे डोळे तपासायला यावं लागतं." ती म्हणायची, "तो लाउडस्पीकर बंद करा, माझी रेघ हलेल."

त्या वर्षी रेघ खरंच हलली. शेजारच्या अक्कांचा नारळ होता. अक्का आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या, ऐंशीच्या पुढच्या, नजर मात्र घारीची. नारळ हातात घेऊन म्हणाल्या, "शोभा, यंदा कानबाई अशी वाकडी काय देखी राहिनी वं?"

शोभा हसली. पुसून परत काढला. परत हलली. मला वाटलं, दमली असेल. तिला मात्र त्याच दिवशी शंका आली होती. संध्याकाळी अंगणात दिव्याखाली स्वतःचा पंजा उलटासुलटा करून बघत बसली होती ती. मी विचारलं तर म्हणाली, "मेंदी कधी काढली होती आठवतेय."

मग तपासण्यांचं गुऱ्हाळ सुरू झालं. आधी मानेचा एमआरआय, म्हणजे आतल्या मणक्यांचे आणि नसांचे फोटो. मानेत नस दबली असेल तरी हाताची शक्ती जाते, आणि ते ऑपरेशनने सुधारू शकतं. बायकोच्या मानेत नस दबलेली निघू दे, असा नवस मी बोललो होतो. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे. मान साफ निघाली. टेक्निशियन म्हणाला, "नॉर्मल आहे काका," आणि मला त्याचा राग आला.

नंतर ईएमजी. यात स्नायूत बारीक सुई घालून तिथे विजेची काय हालचाल होते ते यंत्रावर बघतात. स्पीकरवर आवाज येतो, खरखर, पावसात रेडिओ लावल्यासारखा. मी अर्धवट उघड्या दाराबाहेर उभा होतो. शोभा आत सुईकडे नाही, पडद्याकडे बघत होती. तिला तो पडदा वाचता येत नव्हता, पण यंत्रावरच्या डॉक्टरचा चेहरा वाचता येत होता. बाहेर आली तेव्हा तिने पदराने माझं कपाळ पुसलं. घाम मला आला होता.

शोभा मूळची अमळनेरची. नर्सिंगचं शिक्षण घेऊन पहिली नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याशी, एका आरोग्य केंद्रात झाली. तिथे बाळंतिणी यायला घाबरायच्या, सरकारी पांढऱ्या भिंती बघून परत जायच्या. या बाईने गेरू आणि चुना आणून त्याच भिंतींवर त्यांच्या घरासारखी झाडं, मोर, बैल काढले. वरचे साहेब तपासणीला आले, चिडले. तेवढ्यात एक बाई पोटाला धरून आत आली आणि मोराखालीच बसली. साहेबांनी भिंती तशाच राहू दिल्या. पुढे धुळ्याला बदली झाल्यावर मुलांच्या वॉर्डाबाहेर तिने लांबलचक लाल एसटी काढली. खिडक्यांत माकड, ससा, पोपट. ड्रायव्हरशेजारी मिशावाला एक माणूस तोंड उघडून ओरडतोय, तो मी. गाडीच्या पाटीवर गावाचं नाव नाही, नुसतं "घरी" असं लिहिलेलं. इंजेक्शनला रडणारं पोर आधी त्या गाडीत "बसायचं", मग सुई.

घरातही तिचा वॉर्डच असायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच कानबाईला तिने माझ्या आईशी वाद घातला होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कानबाईला रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करतात. त्यासाठी घरातल्या माणसांच्या नावाने मुठीमुठीने गहू मोजून घेतात, दळतात आणि त्याचा प्रसाद त्याच घरातली माणसं खातात, बाहेरच्यांना देत नाहीत. आमच्याकडे मूठ फक्त पुरुषांची धरायचे. शोभाने आईला विचारलं, "माझी मूठ?"

आई म्हणाली, "बाईनी मूठ नही ऱ्हास."

"का? भूक तर मलाच जास्त लागते. बारा तास उभी असते मी."

मी घाबरून गोठ्याकडे निघून गेलो. परत आलो तर शोभा सुपात स्वतःची मूठ घालत होती आणि आई तोंड फुगवून बसली होती. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मंग मन्ही बी घाल." शोभाने सूप तिच्यापुढे सरकवलं. म्हणाली, "ज्याची मूठ त्याने भरायची." तेव्हापासून आमच्या घरात हा कायदा झाला.

निदानानंतर आजार तिच्या हातातून उतरत पायात गेला. आधी चप्पल घसरायची, मग पाऊलच उचललं जाईना. तिने मुदतीआधी नोकरी सोडली आणि घरी मला ट्रेनिंग द्यायला घेतलं. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, पाठ लाल झाली तर काय करायचं, घास देताना हनुवटी छातीकडे का झुकवायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "प्रोबेशनर, आवाज कमी. हा वॉर्ड आहे."

आमची एकुलती एक मुलगी अश्विनी, जळगावला सासरी. शाळेत शिकवते. दर रविवारी यायची, भरीत-भाकरी करून घालायची. वांग्याचं भरीत मऊ, शोभाला गिळायला सोपं जायचं. अश्विनीच्या समोर शोभा नेहमी हसतमुख. "फिजिओथेरपीने फरक पडतोय," असं बिनदिक्कत सांगायची. मी तिच्याकडे बघत राहायचो. ती डोळ्यांनी मला दटावायची.

निदानानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी, अजून शब्द नीट फुटत होते तेव्हा, तिने मला समोर बसवलं.

"पुढे माझा श्वास कमी पडेल. डॉक्टर म्हणतील, नळी घालू, मशीनवर ठेवू. तुम्ही नाही म्हणायचं."

मी उठलोच. ती म्हणाली, "बसा. मी आयसीयूत काम केलंय. या आजारात नळी एकदा घातली की सहसा निघत नाही. मग गळ्याला भोक पाडतात, ट्रेकिओस्टॉमी म्हणतात त्याला. ते मशीन घेऊन वर्षानुवर्षं आनंदाने जगणारीही माणसं असतात, त्यांचं त्यांच्यापाशी. मला तसं नको आहे. मास्क चालेल, ऑक्सिजन चालेल, नळी नको."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही माझा हात धरा. तो हलत नाही, पण कळतं सगळं."

मी चिडलो, ओरडलो, चपला घालून थेट स्टँडवर गेलो. सुटणाऱ्या गाड्या बघत बसलो. परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती, कारण तिला उठता येत नव्हतं. मी शब्द दिला. मग म्हणालो, "अश्विनीला सांगू या."

"नको. वॉर्डात एकाच नातेवाइकाशी बोलायचं असतं. दोघातिघांना सांगितलं की गोंधळ होतो. शिवाय ती रडेल."

हा तिच्या नोकरीतला नियम. पेशंटचे दहा नातेवाईक जमतात, प्रत्येकाला वेगळं कळतं, मारामाऱ्या होतात. म्हणून सिस्टर एक माणूस निवडतात आणि सगळं त्यालाच सांगतात. जन्मभर पाळलेला नियम तिने स्वतःच्या घराला लावला. मीही हो म्हणालो. वॉर्डातलं तिला कळतं, मला कुठे कळतं?

पुढच्या श्रावणात तिला ब्रश धरता येत नव्हता. जीभही जड झाली होती. शनिवारी गल्लीतले नारळ सवयीने ओट्यावर आले आणि बायका परत न्यायला लागल्या. शोभाने घशातून आवाज काढला आणि माझ्याकडे बघितलं. आमची खूण ठरलेली होती. डोळे वर केले की हो, मिटले की नाही.

"मी काढू?"

डोळे वर.

माझं अक्षर एसटीच्या फळ्यावर खडूने लिहिण्याएवढं. ब्रश टेकवला की ती डोळे मिटायची. खाली नेला की मिटायची. डाव्या बाजूला नेला की वर. असं करत एकेक नारळ झाला. कानबायांचे डोळे काही बटाट्यासारखे, काही रागावलेले. अक्का आपला नारळ घेऊन बघत राहिल्या. मला वाटलं, आता नानाला, म्हणजे मला, ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "नानाना हातना डोया शेत ह्या. चालतीन. कानबाईले बठ्ठं दिसस." सगळं दिसतं म्हणे तिला.

मग सूप आलं. मी माझी मूठ घातली आणि तिच्या वाटची घ्यायला हात घातला तर शोभाने डोळे घट्ट मिटले. ज्याची मूठ त्याने भरायची. तिचा पंजा उचलून मी गव्हात ठेवला, बोटं एकेक करून मिटली आणि वरून माझा हात दाबून धरला. सुपापर्यंत नेईस्तोवर निम्मे गहू गळाले. परत केलं. परत गळाले. अश्विनी दारात उभी होती. तिने तोंड फिरवलं. शेवटी शोभाने डोळे वर केले, पुरे झालं म्हणून. कानबाईला निरोप द्यायला सोमवारी गल्ली पांझरा नदीवर गेली, आम्ही दोघं ओट्यावरून ढोल ऐकत बसलो.

पौषात एका दुपारी जेवताना तिला ठसका लागला. घास श्वासनलिकेत गेला असावा. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी ती जागीच होईना. मी हाक मारली, माझ्या फलाटावरच्या आवाजात मारली. शेजारपाजारचे धावत आले, ती जागी झाली नाही.

तिच्याच हॉस्पिटलात नेलं. आयसीयूतल्या बऱ्याच मुली तिच्या हाताखाली शिकलेल्या. एक मनगटाच्या रोहिणीतून रक्त काढत होती. या तपासणीला एबीजी म्हणतात, रक्तात प्राणवायू किती आणि कार्बन डायऑक्साइड किती ते यात कळतं. त्या मुलीचा हात स्थिर होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डॉक्टर तरुण होते. बाहेर येऊन म्हणाले, "न्यूमोनिया आहे. श्वास उथळ झाल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठलाय, म्हणून त्या गुंगीत आहेत. बायपॅप लावलाय, म्हणजे घट्ट मास्कमधून यंत्र हवा आत ढकलतं. दुपारपर्यंत बघू. गॅस उतरला तर जाग्या होतील. नाही उतरला तर नळी घालावी लागेल. तुमचं काय ते ठरवून ठेवा."

जागी झाली असती तर तिलाच विचारता आलं असतं. डोळे वर, नाहीतर डोळे मिटून. मला तेवढंच हवं होतं.

अश्विनी जळगावहून अकराच्या सुमारास पोचली. धापा टाकत आली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "डॉक्टर, नळी घाला."

मी म्हणालो, "नाही घालायची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी सांगितलं, आईने हे उन्हाळ्यातच सांगून ठेवलंय, मी शब्द दिलाय.

"मला का नाही सांगितलं मग? दर रविवारी येत होते मी. आई मला म्हणत होती, फरक पडतोय."

"तुला त्रास नको म्हणून."

"नाना, तुम्ही दमलाय तिचं करून. तसं सांगा ना सरळ."

दमलो तर होतोच. हात उगारावा की तिला जवळ घ्यावं, काहीच कळेना. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दोघं आधी एक ठरवा. नळी घातली तर न्यूमोनियातून वाचू शकतात, पण मशीन सुटण्याची शक्यता फार कमी. दोन्हींतलं काहीही ठरवलंत तरी मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. मात्र फार वेळ नाही."

आम्ही मुलांच्या वॉर्डासमोरच्या बाकावर बसलो, मधे एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. समोर भिंतीवर शोभाची लाल एसटी. रंग उडालेला, मिशावाला माणूस अजून ओरडतोय. भिंतीजवळ आईच्या कडेवरचं एक पोर बोटाने पोपट दाखवत होतं. तपासणीची दुसरी चिठ्ठी यायची होती. मी आयसीयूच्या काचेच्या दाराकडे बघत होतो. मनात एकच, शोभा, डोळे उघड. मिट, वर कर, काय करायचं ते कर, पण पोरीसमोर कर.

चिठ्ठी आली. गॅस थोडा उतरला होता, पुरेसा नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून थांबले. नळी नको म्हणून मी सही केली.

अश्विनी आत जाऊन आईच्या उशाशी उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही. "आई, डोळे उघड, मला सांग," असं तिच्या कानाशी म्हणत राहिली. शोभाला धाप लागू नये म्हणून थोडं औषध दिलं होतं. चेहरा शांत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटी बदलायच्या वेळेला, ती गेली. मी हात धरला होता. तिने डोळे उघडले नाहीत.

दिवसकार्य झालं आणि अश्विनी जळगावला निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "नळी घातली असती तर आज असती ती." ते खरंही असेल. मी हुज्जत घातली नाही. पुढे रविवार आले नि गेले. मी फोन केला तर "शाळेत आहे," एवढंच. जावईबापू भले, ते खुशाली कळवायचे. शोभाच्या मागे माझं घर इतकं शांत झालं की माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला.

श्रावण तोंडावर आला. अक्कांनी नारळ आणून ठेवला. मी जळगावची गाडी पकडली. अश्विनीच्या दारात उभा राहिलो, आत बोलवायच्या आधीच म्हणालो, "एक विचारतो, मग जातो. आई घरी वॉर्डातलं सांगायची. पेशंटचे नातेवाईक खूप असले तर काय करायचं म्हणायची?"

तिला कळेना मी काय विचारतोय. लहानपणापासून जेवताना शंभरदा ऐकलेलं वाक्य, ते सवयीने तोंडात आलं. "एकाच नातेवाइकाशी बोलायचं."

"तो एक मी होतो गं."

ती दाराची कडी धरून उभी राहिली. मग खालीच बसली, उंबऱ्यावर, आणि हमसून हमसून रडली. "मला निवडायचं ना तिने," म्हणाली. मी म्हणालो, "हो. दोघांना सांगायचं. तिचं चुकलं. माझंही, मी ऐकलं." बायकोचं चुकलं असं मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, आणि ऐकून घ्यायला ती नव्हती.

म्हणून बाकावरच्या माणसा, तुला सांगतो. पेशंटला बोलता येतं तोवर विचारून घे, त्याला काय हवं आणि काय नको. आणि विचारताना घरातल्या सगळ्यांना समोर बसव. रडू दे ज्याला रडायचंय त्याला. वॉर्डाचा नियम वॉर्डात बरा, घरात सगळेच नातेवाईक असतात. ज्या मुलींनी, डॉक्टरांनी तिला शेवटपर्यंत "मॅडम" म्हणून हाक मारली, त्यांचा मी ऋणी आहे. नळी घालून घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्याचं त्याने ठरवायचं.

शनिवारी अश्विनी धुळ्याला आली. यंदाचे डोळे तिने काढले, माझ्यापेक्षा बरे. सूप पुढे घेऊन मी माझी मूठ घातली. घरात आता एकच मूठ. गव्हाचा डबा बंद करायचा तो मी अश्विनीपुढे सरकवला.

अक्का ओट्यावर होत्या. "नाना, हाई कोनी मूठ शे?"

"अश्विनीची."

"लगन व्हयेल पोर शे ती. तिना रोट तिना सासरे."

"अक्का, शोभा आली तेव्हा आईही असंच काहीतरी म्हणाली होती."

मी अश्विनीसाठी गहू काढायला हात घातला, तर तिने माझं मनगट धरून बाजूला केलं. "ज्याची मूठ त्याने," म्हणाली. तिचा पंजा अगदी आईसारखा, लांब बोटांचा. डब्यात घातला खरा, पण बिचकतच, दोन बोटांत येतील तेवढेच दाणे उचलले.

अक्का पुढे वाकल्या. "अर्धी काय भरस वं माय? पुरी भर."

तिने पुरी भरली. एकही दाणा गळाला नाही.